धुराचा गुणाकार

अकोल्याहून शेगावकडे जाणाऱ्या पॅसेंजर गाडीत आम्ही एकदा ऐकलेला संवाद असा. गायगाव मागे पडून पारस जवळ येत होते. खिडकीशी बसलेल्या पोराने औष्णिक केंद्राच्या उंच धुराड्याकडे बोट दाखवून विचारले, "हा धूर कायचा हाय, बाबा?" बाबांचे डोळे मिटलेले होते. ते न उघडताच त्यांनी उत्तर दिले, "विजेचा हाय." पोराचे समाधान झाले नाही. "पन आपल्या घरी तं वीज हाय, धूर कुठी हाय?" यावर समोरच्या बाकावरची म्हातारी म्हणाली, "धूर कसा नाही? येऊन पाह्य माह्या चुलीपाशी!" डब्यात हशा पिकला आणि गाडी पारसला थांबली.

आमच्या विषयाचा सारा पसारा या तीन वाक्यांत आला आहे. वीज घरात जळते, तिचा धूर पारसला निघतो. चुलीचा धूर मात्र जेथे निघतो तेथेच राहतो. देशाला लागणारी ऊर्जा वाढली म्हणजे हवा बिघडणारच, ही समजूत आपल्याकडे सुशिक्षितांतही सार्वत्रिक आहे. ती निखालस खोटी नाही. पण तेवढ्यावर थांबणारा मनुष्य हिशेबात फसतो. कारण ज्या घरात सर्वांत कमी ऊर्जा खर्च होते, त्याच घरातील माउली बहुधा सर्वांत अधिक धूर श्वासावाटे घेते. असे का व्हावे, हे आज पाहावयाचे आहे.

आपल्या वऱ्हाडापासूनच आरंभ करू. १८६७ साली लोहमार्ग बडनेऱ्यावरून पुढे नागपूरला पोहोचला, आणि कापसाच्या या मुलखात वाफेची शक्ती आली. इंजिनाचा कोळसा, जिनिंग-प्रेसिंगच्या बॉयलरांची धुराडी आणि सरकीचा वास ही अकोला, अमरावती, खामगावची ओळखच होऊन बसली. त्यापूर्वी येथे धूर नव्हता काय? होता. गोवऱ्यांचा होता, पऱ्हाट्यांचा होता, तुराट्यांचा होता. तो घरोघर वाटलेला असल्यामुळे कोणाच्या डोळ्यांत भरत नसे. डोळ्यांत जात असे, ही गोष्ट निराळी.

मूर्तिजापूरहून यवतमाळकडे आणि अचलपूरकडे जाणारी आपली शकुंतला पुष्कळांनी पाहिली असेल, कित्येकांनी तिच्यातून प्रवासही केला असेल. मँचेस्टरला १९२१ साली बांधलेले तिचे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत चालत होते. या इंजिनांबद्दल आम्हांला ममत्व आहे, पण हिशेबात ममत्व आणता येत नाही. वाफेच्या इंजिनात शंभर भाग उष्णता जाळली तर ओढण्याच्या कामी जेमतेम पाच-सात भाग येत. बाकीची वाफेबरोबर आणि धुराबरोबर आकाशात जाई. डिझेल इंजिनात तीसच्या वर भाग कामी येतात. म्हणजे तेच उतारू, तीच गाठोडी, तोच मार्ग. आणि इंधनाची उष्णता चौथ्या-पाचव्या हिश्शाने लागली. प्रवास घटला नाही, जळण घटले. पुढे मुंबई-नागपूर मार्ग विजेवर गेला, तेव्हा इंजिनाच्या डोक्यावरचा धूर दिसेनासा झाला. तो नाहीसा मात्र झाला नाही. त्याने मुक्काम हलविला आणि तो औष्णिक केंद्राच्या धुराड्यात जाऊन बसला.

आता मूळ सूत्राकडे वळू. या विषयाच्या अभ्यासकांनी १९७० च्या सुमारास एक साधी मांडणी पुढे आणली, आणि जपानचे योइची काया यांनी तिला ऊर्जेच्या हिशेबात बसविले. कायांनी ती कार्बन डायऑक्साइडसाठी योजिली होती. ती आम्ही येथे एकंदर धुराला लावतो. देशाचा धूर हा चार संख्यांचा गुणाकार आहे. माणसे किती, दर माणशी मिळकत वा सुखसोयी किती, एका सोयीमागे ऊर्जा किती लागते, आणि ऊर्जेच्या एका मापामागे धूर किती निघतो. यात बेरीज नाही, गुणाकार आहे, हे विसरू नये. बेरजेत एक आकडा वाढला तर तेवढ्यापुरते वाढते. गुणाकारात एक दुप्पट आणि दुसरा तिप्पट झाला की एकदम सहापट होते. उलट कोणताही एक आकडा शून्याकडे नेता आला, तर बाकीचे कितीही फुगोत, गुणाकार खाली येतो.

पहिल्या दोन आकड्यांचे आपल्या देशात काय झाले? स्वातंत्र्याच्या वेळी आपण सुमारे चौतीस कोटी होतो. आज एकशे चाळीस कोटींच्या वर आहोत. म्हणजे चौपटीहून थोडे अधिक. पुष्कळ विद्वान येथेच थांबतात आणि लोकसंख्येच्या नावाने बोटे मोडतात. पण दुसरा आकडा पाहा. १९४७ साली आपल्याकडे दर माणशी वर्षाला सुमारे सोळा युनिट वीज वाट्याला येत होती. २०२३-२४ मध्ये ती जवळजवळ चौदाशे युनिट झाली. ही वाढ सत्त्याऐंशी पटीची आहे. चौपट माणसे आणि सत्त्याऐंशी पट वीज, मिळून साडेतीनशे पट. माणसे वाढल्याने जे झाले त्याच्या वीसपट माणसांच्या राहणीने झाले.

या राहणीला आम्ही नावे ठेवणार नाही. वैशाखात अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो. आमच्या लहानपणी सधन घरांतून वाळ्याचे पडदे लावून त्यांवर पाणी शिंपीत. गरिबाच्या घरी ओले फडके असे. मग गवताच्या ताट्यांचा कूलर आला आणि तो झोपडीपर्यंत पोहोचला. कूलर तासाला पाव युनिटाच्या आत-बाहेर घेतो. आता त्याच्या जागी भिंतीवर एअरकंडिशनर दिसू लागला आहे, तो तासाला एक ते दीड युनिट घेतो. पंचेचाळीस अंशांत ज्याला झोप लागत नाही त्याला 'ऊर्जा वाचवा' असे सांगणारा मनुष्य बहुधा स्वतः थंड खोलीत बसलेला असतो. सोयी वाढणार, आणि ज्यांच्या वाट्याला त्या अजून आल्या नाहीत त्यांच्याकडे त्या जावयासही हव्यात. तेव्हा पहिले दोन आकडे खाली आणण्याचा उपदेश निरर्थक आहे.

तिसऱ्या आकड्यात बरेच काही आपोआप घडले. साठ वॅटच्या दिव्याचे काम नऊ वॅटचा एलईडी करू लागला. २०१५ पासून सरकारी योजनेतून हे दिवे स्वस्तात वाटले गेले आणि पाचसहा वर्षांत जुने दिवे दुकानांतूनच गेले. हे आपण पाहिलेच आहे; त्यावर अधिक शब्द खर्चीत नाही. खरा मुद्दा चौथ्या आकड्याचा आहे.

१९५२ च्या डिसेंबरात लंडनवर पाच दिवस दाट धुके बसले. धुके म्हणजे निम्मा कोळशाचाच धूर होता, कारण त्या थंडीत घरोघर शेगड्यांत कोळसा जळत होता. माणसे हजारोंनी मेली. प्रथम चार हजार असा अंदाज झाला, पुढच्या अभ्यासकांनी तो बारा हजारांपर्यंत नेला. १९५६ साली तेथे हवेच्या शुद्धीचा कायदा झाला. त्या कायद्याने लंडनकरांना थंडीत कुडकुडत बसावयास सांगितले नाही. नेमलेल्या भागांत धूर करणारे जळण जाळण्यास मनाई केली आणि शेगडी बदलावयास पैसा दिला. लोक गॅसकडे आणि विजेकडे वळले. ब्रिटन नंतर श्रीमंत झाले, माणसेही वाढली, आणि धूर ओसरत गेला. ३० सप्टेंबर २०२४ रोजी तेथील अखेरचे कोळशाचे वीजकेंद्रही बंद झाले. चीनचे उदाहरण याहून बोलके आहे, कारण तेथे कोळसा कमी झालाच नाही. जगातील निम्मा कोळसा आजही तेथे जळतो. तरी धुराड्यांतून निघणारा गंधकाचा वायू त्यांनी सुमारे दीड दशकात निम्म्याहून कितीतरी खाली आणला. २०१६ च्या सुमारास या वायूत चीनला मागे टाकून आपण पुढे गेलो, असे उपग्रहांच्या मोजणीवरून दिसून आले. या शर्यतीत पुढे असण्यात भूषण नाही.

आता पारसला परत येऊ. तेथे पहिला संच १९६० च्या दशकाच्या आरंभी सुरू झाला, तो तीस मेगावॅटचा होता. ते जुने संच गेले. आज तेथे अडीचशे मेगावॅटचे दोन संच आहेत. एक २००८ चा, दुसरा २०१० चा. अमरावतीजवळ नांदगावपेठला त्यानंतर खासगी केंद्र उभे राहिले, त्याची क्षमता साडेतेराशे मेगावॅट आहे. अमरावती-अकोल्याच्या मातीत कोळसा नाही. तो पूर्वेकडून मालगाड्यांनी येतो. हिशेबाच्या सोयीसाठी आपण पाचशे मेगावॅटचे एक केंद्र घेऊ आणि ते दिवसभर पूर्ण क्षमतेने चालले असे धरू. ते बारा दशलक्ष, म्हणजे एक कोटी वीस लक्ष युनिट वीज देईल. आपल्या कोळशात उष्णता कमी असल्यामुळे एका युनिटास सुमारे सातशे ग्रॅम कोळसा लागतो. म्हणजे दिवसाला आठ हजार चारशे टन, दोन मोठ्या मालगाड्या भरून वर काही डबे.

आपल्या कोळशाचा विशेष असा की, त्यात शंभरात पस्तीस-चाळीस भाग राखच असते. आठ हजार चारशे टनांत तीन हजार टन राख! काही तळाशी पडते. चोवीसशे टनांच्या आसपास पिठासारखी हलकी राख धुराबरोबर वर निघते. ती पकडण्यासाठी इलेक्ट्रोस्टॅटिक प्रेसिपिटेटर नावाचे यंत्र असते. विजेच्या मोठ्या दाबाखाली ठेवलेल्या तारांमधून आणि पत्र्यांमधून धूर नेला की राखेचे कण भारित होऊन पत्र्यांना चिकटतात. वरून ठोके दिले की खाली पडतात. कापडाच्या व्यापाऱ्यास शंभरात नव्याण्णव मीटर माल चांगला मिळाला तर तो देवाचे आभार मानील. येथे मात्र नव्याण्णव हा नापासाचा आकडा आहे. नव्याण्णव टक्के राख पकडली तर चोवीस टन हवेत सुटते. नव्याण्णव पूर्णांक नऊ टक्के पकडली तर दोन टन चारशे किलो. कागदावर दोन्ही आकडे शेजारी दिसतात. खालच्या गावावर पडणाऱ्या राखेत दहापट अंतर असते. ठोके देणारी यंत्रणा बिघडली, एखादा भाग दुरुस्तीस बंद ठेवला, तर हे अंतर एका रात्रीत पडते. म्हणून कोणी 'आमच्याकडे यंत्र बसविलेले आहे' असे सांगितले की 'ते काल रात्री चालू होते काय?' हा प्रश्न नागरिकाने विचारला पाहिजे.

पकडलेली राख तरी जाते कोठे? सिमेंटात जाते, विटांत जाते, रस्त्याच्या भरावात जाते. १९९९ पासून याविषयी सरकारी आज्ञा आहेत आणि २०२१ च्या शेवटी सर्वच्या सर्व राख उपयोगात आणण्याचा नियम झाला. जी पाण्याबरोबर तलावात सोडतात ती पाणी आहे तोवर शांत असते. तलावाची कड सुकली आणि वैशाखाचे वारे सुटले की ती पऱ्हाटीच्या शेतांचा रस्ता धरते.

राखेचा हिशेब युनिटावर आणला तर, यंत्र नीट चालते असे धरून, एका युनिटामागे सुमारे पाव ग्रॅमच्या आतच धूळ सुटते. हा आकडा लहान आहे आणि तो लहान करण्यात अभियंत्यांनी खरोखर पराक्रम केला आहे. पण त्याच धुराड्यातून आणखी एक गोष्ट निघते, ती दिसत नाही. आपल्या कोळशात अर्धा टक्का गंधक असतो. आठ हजार चारशे टनांत बेचाळीस टन गंधक, आणि जळल्यावर प्राणवायूशी मिळून त्याचे वजन दुप्पट होते. चौऱ्याऐंशी टन सल्फर डायऑक्साइड! त्यातला थोडा राखेत अडकतो असे धरले तरी युनिटामागे सहा-सात ग्रॅम होतात. धूळ पाव ग्रॅम, वायू सात ग्रॅम. राख पकडणारे यंत्र वायूला हातही लावीत नाही. हा वायू हवेत एक-दोन दिवस वाहत जातो. शेणखत, युरिया, गुरांचे गोठे यांपासून निघणारा अमोनिया वाटेत त्याला भेटतो आणि दोहोंचे मिळून अतिशय बारीक क्षार-कण तयार होतात. फुप्फुसाच्या तळापर्यंत जाणाऱ्या सूक्ष्म कणांत यांचा मोठा भाग असतो. तेव्हा धुराड्यातून जी धूळ बाहेर पडली नाही, ती शंभर कोसांवर आकाशातच तयार होते.

हा वायू चुनखडीच्या निवळीत धुऊन काढता येतो. चीनने केले ते हेच. आपल्याकडे डिसेंबर २०१५ मध्ये पर्यावरण मंत्रालयाने राख, गंधक, नत्राचे वायू आणि पारा या सर्वांवर मर्यादा घातल्या आणि दोन वर्षांची मुदत दिली. मुदत लांबत गेली. २०२२, मग त्यापुढे. शेवटी जुलै २०२५ मध्ये देशातील तीन चतुर्थांशांहून अधिक केंद्रांना, धुराडे पुरेसे उंच असल्यास, गंधकाच्या मर्यादेतून सूट मिळाली. मोठ्या शहरांच्या दहा किलोमीटरांच्या आतील केंद्रांवर बंधन राहिले. सूट देणाऱ्यांचा पक्षही ऐकला पाहिजे. आपल्या कोळशात गंधक थोडा आहे, केंद्राजवळच्या हवेत हा वायू मर्यादेच्या आत आढळतो, आणि यंत्र महाग असून त्यालाही वीज व चुनखडी लागते, असे ते म्हणतात. यातील प्रत्येक वाक्य खरे आहे. पण केंद्राजवळ वायू कमी आढळणे हा उंच धुराड्याचा गुण आहे. वायू गेला दूर, आणि कण झाला तेथे. ब्रिटनने एके काळी उंच धुराडी बांधून आपले आकाश स्वच्छ केले, तेव्हा नॉर्वे-स्वीडनच्या तळ्यांतील मासे आम्लाच्या पावसाने मरू लागले होते. उंच धुराड्याने धूर कमी होत नाही, शेजारी बदलतो. आम्हांला ही सूट घाईची वाटते.

येथे कार्बन डायऑक्साइडचाही एक शब्द सांगून टाकतो. तो राखेसारखा पकडता येत नाही, गंधकासारखा धुता येत नाही. तो कमी करावयाचा तर कोळसाच कमी जाळावा लागतो. २०२५ च्या मध्यास देशातील वीजनिर्मितीच्या एकूण क्षमतेपैकी निम्मी कोळसा, गॅस, तेल यांवाचून चालणारी झाली, अशी बातमी वाचून पुष्कळांना हायसे वाटले. क्षमता निम्मी झाली हे खरे. प्रत्यक्ष वीज मात्र अजून चारात तीन भाग कोळशाचीच आहे, कारण सूर्य रात्री काम करीत नाही आणि २०२४-२५ मध्ये देशात कोळसा शंभर कोटी टनांच्या वर निघाला. शेतीपंपांना रात्रीऐवजी दिवसा सौर वीज देण्याची योजना राज्यात चालू आहे. तिच्याकडे शेतकरी रात्रीच्या सापाविंचवातून सुटला म्हणून पाहतो. हवेच्या दृष्टीनेही ती मोलाची आहे, कारण ज्या वेळी सूर्य आहे त्या वेळी मागणी नेली जाते.

येथवर आपण धूर किती निघतो हे पाहिले. पण माणसाला अपाय होतो तो निघालेल्या धुराने नव्हे, श्वासात गेलेल्या धुराने. आणि ही दोन मापे निराळी आहेत. हा भेद स्पष्ट करणारे अमेरिकन शास्त्रज्ञ कर्क स्मिथ यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी गुजरातेतील खेड्यांत, स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर लहान यंत्रे बांधून धूर मोजला होता. त्यांनी पुढे एक ढोबळ नियम सांगितला: घरात सुटलेला धूर बाहेर सुटलेल्या धुरापेक्षा माणसाच्या छातीत जाण्याचा संभव सुमारे हजारपट असतो.

हजारपट या आकड्याचा अर्थ हिशेबाने पाहू. पऱ्हाट्यांची चूल किलोमागे चार ते आठ ग्रॅम सूक्ष्म धूळ सोडते. सकाळ-संध्याकाळ मिळून पाच किलो पऱ्हाट्या जळाल्या, तर तीसेक ग्रॅम. तेच घर दिवसाला तीन युनिट वीज वापरीत असेल, तर त्यापोटी औष्णिक केंद्राच्या धुराड्यातून सुटलेली धूळ सारी मिळून अर्धा-पाऊण ग्रॅम, तीही दोनशे मीटरांवर. गंधकाचे वीस ग्रॅम धरावेच लागतील, तेही उंचावर. आणि चुलीचे तीस ग्रॅम? ते दहा फुटांच्या खोलीत, फुकणीने फुंकर घालणाऱ्या बाईच्या नाकापासून दोन हातांवर. गाडीतील म्हातारी थट्टा करीत नव्हती. तिने जे सांगितले ते शास्त्रज्ञांना तीस-चाळीस वर्षे मोजून सांगावे लागले.

चुलीचा दुसरा दोष असा की, ती इंधन वाया घालविते. पऱ्हाट्यांच्या उष्णतेपैकी दहा-पंधरा टक्के भांड्याला लागते. गॅसच्या शेगडीत साठच्या आसपास. अपुरे जळालेले लाकूड म्हणजेच धूर. म्हणून गरिबाची ऊर्जा कमी, धूर अधिक, आणि श्वासात जाणारा भाग तर कितीतरी अधिक. हिवाळ्यात, पौष-माघाच्या सकाळी, जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड असते आणि वर चढत नाही. त्या वेळी बडनेरा ते मूर्तिजापूर गाडीतून पाहावे. प्रत्येक गावावर धुराची एक पांढुरकी चादर घराच्या उंचीवर अंथरलेली दिसते. घरातून निघालेला धूर गावात राहतो. मे महिन्यात तीच हवा तापून उंच जाते आणि तोच धूर दिसतही नाही.

आता शहराकडे. २०१९ साली केंद्र सरकारने हवेचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, त्यात हवेची मानके न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत अमरावती आणि अकोला या दोहोंची नावे होती. पुढे २०२३ मध्ये, आणि पुन्हा २०२५ मध्ये, स्वच्छ हवेच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात तीन ते दहा लक्ष वस्तीच्या शहरांत अमरावतीचा पहिला क्रमांक आला. अंबानगरीचे हे यश खरे आहे आणि त्याचा आनंद आम्हांलाही झाला. पण हा गुणांकन-पत्राचा पहिला क्रमांक आहे हे ध्यानात घ्यावे. रस्त्यांची धूळ, कचरा जाळणे, बांधकामाचा राडारोडा, वाहने यांसंबंधी नगरपालिकेने काय केले, यास गुण असतात. मोजमापातही भर मोठ्या कणांवर असतो. आपल्या काळ्या मातीची भुकटी रस्त्यावर पडते आणि चाकांखाली उडते, ती रस्ता बांधून व झाडून कमी होते. सूक्ष्म कणांचे तसे नाही. त्यांना महापालिकेची हद्द ठाऊक नाही. आपल्याकडे अशा कणांची वार्षिक मर्यादा घनमीटरला चाळीस मायक्रोग्रॅम आहे; जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये आपली मर्यादा पाचावर आणली. झाडू कितीही मोठा असला तरी चाळीसावरून पाचाकडे जाणारा रस्ता त्याने झाडता येणार नाही. तो चुलीतून आणि धुराड्यातून जातो.

गॅसचे काय झाले, हे सांगून हा विषय पुरा करतो. मे २०१६ पासून उज्ज्वला योजनेने गरीब घरांत सिलिंडर पोहोचविला. हे लंडनच्या शेगड्या बदलण्याइतकेच मोठे काम होते, आणि ते अर्धे झाले. सिलिंडर आला, तो भरून घेणे दर वेळी रोख पैशांचे काम असते. कापूस वेचून झाला, फरदड काढली, की फाल्गुनात शेतातून पऱ्हाट्या उपटतात. बोंडअळीच्या भीतीने त्या शेतात ठेवूही नयेत असे कृषी खाते सांगते. मग गाडी भरून त्या अंगणात येतात, फुकट. ज्या घरात शंभर रुपयांचाही विचार करावा लागतो तेथे फुकटच्या जळणासमोर हजार रुपयांची टाकी उभी राहू शकत नाही. सिलिंडर पाहुण्यांच्या चहासाठी आणि पावसाळी दिवसांसाठी राखून ठेवतात. दोन्ही चुली चालतात, आणि छाती तीच राहते.

तरी पऱ्हाट्यांना नाव ठेवण्याचे कारण नाही. त्याच पऱ्हाट्या बारीक करून, दाबून त्यांच्या कांड्या करतात. बाजारात त्यास पांढरा कोळसा म्हणतात. कारखान्यांच्या बॉयलरात तो जळतो. २०२१ च्या धोरणाप्रमाणे औष्णिक केंद्रांनाही कोळशात शेकडा पाच भाग असे शेतातले जळण मिसळण्यास सांगितले गेले. शेतकऱ्याच्या बांधावर पेटविलेली पऱ्हाटी, चुलीत जळणारी पऱ्हाटी आणि राख पकडणाऱ्या यंत्रामागे जळणारी पऱ्हाटी ही एकाच झाडाची आहे, उष्णताही तितकीच देते. पहिली गावभर धूर करते, दुसरी एका बाईच्या छातीत, तिसरीची राख शेकडा नव्याण्णव पूर्णांक नऊ पकडली जाते. पऱ्हाट्यांच्या गाडीचा जो भाव कारखाना देईल त्यातून गॅसची टाकी भरता यावी, एवढे गणित अद्याप जमलेले नाही. वऱ्हाडातील लक्षावधी हेक्टर कापूस दर फाल्गुनात हे जळण तयार करतो, आणि यंदाचेही आता अंगणांतून रचले गेले आहे.